गोधडीचा कोपरा

काल गोधड्या धुतल्या. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण पाण्यातून निघालं पाहिजे हा आईचा नेम, आणि तिच्यामागे मी तो एकदाही मोडलेला नाही. हस्त लागतो 27 सप्टेंबरच्या सुमारास, आणि हस्ताच्या पावसाचा काही भरवसा नसतो. सकाळी लख्ख ऊन, चार वाजता गडगडाट. त्यामुळे पितृपंधरवड्यातलं एखादं कोरडं ऊन गाठायचं. काल ते मिळालं.

आईची निळी गोधडी गॅलरीच्या गजाला अडकवून एकटीनेच पिळली आणि वाळत टाकली. उन्हं कलल्यावर पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात कापड विरून उसवलेलं. किती फाटलंय बघावं म्हणून चष्मा लावून जवळ घेऊन बसले, आणि बघता बघता लक्षात आलं की तो कोपरा माझा नाही.

हे लिहून मघापासून नुसती बसले आहे. एवढ्याशा गोष्टीचं एवढं का लागावं?

तो कोपरा माझा आहे हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. दुसरीत मला गोवर निघाला होता. शाळा बंद, बाहेर जायचं नाही, वाचायचं नाही. तेव्हा आईने हातात सुई दिली आणि वीतभर चौकोन मला शिवायला सोडला. पुढे कुणीही आलं की ती गोधडीची घडी उलगडायची आणि म्हणायची, "हा आमच्या धाकटीचा कोपरा." मीही तेच सांगत आले. आम्ही गुरुवारी शिवायला बसतो त्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गणपतीत सई आली तेव्हा तिचं बोट धरून त्या टाक्यांवरून फिरवलं. म्हटलं, तुझ्याएवढी होते मी.

पण टाका खोटं बोलत नाही. धावदोरा लांबून सरळ ओळीत दिसतो. जवळून पाहिलं तर एकेक टाका तांदळाच्या दाण्यासारखा किंचित तिरपा पडलेला असतो. हात जसा वळतो तसा टाका कलतो. माझा ज्या अंगाला कलतो त्याच अंगाला आईचा कलायचा, आणि सबंध निळी गोधडी तशीच आहे, चारी कडांनी फेर घेत मधोमध येईपर्यंत. फक्त त्या वीतभर चौकोनातले टाके उलट्या अंगाला कललेले. आधी वाटलं, मीच गोधडी उलटी धरली असेल. खालचं टोक वर करून पाहिलं. कल तोच. रात्री हे झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून सुई डाव्या हातात धरली आणि एका चिंधीवर टाके घालून पाहिले. दोनदा बोटाला टोचलं, टाके लांब-आखूड आले, पण पडले ते कोपऱ्यातल्यासारखेच.

आमच्या घरात डावखुरी एकच. ताई.

जेवताना तिच्या डाव्या हातावर आई चापट मारायची. लिहिण्याचा हात मास्तरांनी बदलला, पण बाकीची कामं ती डाव्यानेच करत राहिली. पर्वतीच्या पायथ्याशी कालव्यावर गोधड्या धुवायला जायचो ते आठवलं. ओली गोधडी म्हणजे एकटीला उचलायची नाही. एक टोक आई धरायची, दुसरं ताई, आणि दोघी समोरासमोर उभ्या राहून पिळायच्या. आई आपल्या उजव्या अंगाला फिरवायची. ताई डावखुरी, ती डाव्या अंगाला. मग पीळ पडायचाच नाही, सगळी गोधडी दोघींच्या मधे नुसती गोल फिरत राहायची आणि पाणी गळायचं नाव नाही. आई ओरडायची, "अगं, तुझ्या दुसऱ्या हाताला फिरव!" मी दगडावर बसून हसायचे. मला पिळायला कधीच घेतलं नाही. मी लहान.

मग कोपरा शिवायला तरी दिला होता का?

हेच परत परत येतंय. मला सुई धरल्याचं आठवतं, अंगुस्तान बोटात घळघळीत व्हायचं ते आठवतं, खिडकीला लावलेला काळा पडदा आठवतो. पण हे खरंच आठवतं, की आईने इतक्यांदा सांगितलं म्हणून आठवतं? मी चार टाके घातले असतील, ते वेडेवाकडे आले असतील आणि ताईने रात्री उसवून नीट घातले असतील. किंवा आईनेच तिला बसवलं असेल. आणि नाव माझं राहिलं, कारण मी धाकटी, कारण मी आजारी होते. ताईने पन्नास वर्षांत एकदाही "तो मी शिवलाय" म्हटलं नाही. आई सांगत असायची तेव्हा ती तिथेच बसलेली असायची.

आईच्या मागे मी एवढी एकच गोष्ट मागून घेतली होती. त्या वेळी ताई काही बोलली नाही, फक्त कपाटातून काढून माझ्या हातात दिली. वाड्याच्या कागदांचं मी इथे लिहिणार नाही. पण मला वाटत आलं की बाकी कुणाला काहीही मिळो, त्या गोधडीत एक वीत जागा अशी आहे की ती निर्विवाद माझी. काल रात्री ती वीतही गेली. दोन वाजेपर्यंत झोप नाही. साठीला आलेल्या बाईने कशासाठी रडायचं याला काही सुमार असावा, हे कळत होतं, तरी डोळे थांबेनात.

आज सकाळी दोरा संपला म्हणून बोहरी आळीत जाऊन आले. येताना मुद्दाम पासोड्या विठोबावरून आले. पूर्वी तिथे पासोड्या विकायला बसत म्हणून विठोबाला ते नाव पडलं. पांघरुणाच्या नावाने ओळखला जाणारा देव आपल्या पुण्यात आहे याचं मला नेहमी फार बरं वाटतं. आज नुसता बाहेरून नमस्कार केला.

दिवाळीत सई येईल तेव्हा तिची गोधडी हातात द्यायची आहे, 36 बाय 45 इंचांची. वरचा भाग नाइन पॅचचा, म्हणजे तीन ओळींत नऊ चौकोन. तो क्विल्टिंगच्या पद्धतीने पाव इंच शिवण धरून जोडलाय. आत मात्र विकतची कापसाची भर घालणार नाही. माझ्या जुन्या वायलच्या साड्या आहेत, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. त्यांचे चार थर पुरे होतात, आणि पुण्याच्या थंडीला त्याहून जास्त लागतही नाही. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांच्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना कापडाची छोटी त्रिकोणी घडी शिवतात. तिला फूल म्हणतात. फुलांशिवाय गोधडी त्यांना उघडीवाघडी वाटते. तशी फुलं मी या गोधडीला लावणार होते, तीनच कोपऱ्यांना. चौथा कोपरा सईला शिवायला सोडणार होते. माझ्यासारखा.

दोन तास ती गोधडी पुढ्यात घेऊन बसले आणि एक टाका घातला नाही.

शेवटी दुपारी म्हटलं, आधी निळीचं फाटलेलं नीट करू. ठिगळ लावायचं म्हणजे विरलेल्या कापडाच्या कडा उचलून आत दुमडायच्या. बोटाने कड उचलली आणि आत लाल दिसला. मातकट, वीटकरी लाल, बारीक काळ्या रेघांचा. मला ती गोधडी निळीच आठवते. म्हणजे हे निळं लुगडं नंतर चढवलेलं. असं सगळ्याच करतात, गोधडी विरली की टाकत नाहीत, तिच्यावरच दुसरं लुगडं घालून पुन्हा शिवतात. मीही दोनदा केलंय. हे माझ्या डोक्यात काल का आलं नाही कोण जाणे.

म्हणजे आईने लाल गोधडीवर निळं चढवलं तेव्हा हा कोपरा ताईने शिवला. मी तेव्हा कुठे होते? एनसीसीच्या कॅम्पला असेन, नाहीतर मामाकडे. आणि आई पुढेही "धाकटीचा कोपरा" म्हणत राहिली, कारण तिला ठाऊक होतं खाली काय आहे ते.

उसवलेली जागा जेमतेम इंचभर. बॅटरी धरून आत पाहिलं. लाल कापडावर तीन टाके दिसतात, पांढऱ्या दोऱ्याचे, लांबच लांब, एकेक जवळजवळ बोटाच्या पेरएवढा. पन्नास वर्षांत दोरा पिवळा पडलाय. इतके मोठे टाके आई घालणार नाही, मेली तरी. पण ते माझेच, असंही छातीठोक सांगता येत नाही. थर शिवण्याआधी सरकू नयेत म्हणून कच्चा दोरा घालतात, तोही असाच लांब असतो. आणि तीन टाक्यांवरून कल ओळखू येत नाही. निदान सात-आठ दिसायला हवेत.

ते बघायचे तर वरचे उसवायला लागतील. ताईचे.

कात्री मी हातात घेतली होती. बारीक टोकाची, उसवायची. पहिल्या टाक्याखाली टोक घातलंही होतं. ताईचा टाका घट्ट आहे, दोऱ्याला जराही ढील नाही, कात्रीचं टोक शिरता शिरत नव्हतं. इंचाला सहा टाके. तेव्हा ती असेल अठरा-एकोणीस वर्षांची, आणि तो डावा हात, ज्याच्यावर जन्मभर चापट्या खाल्ल्या.

कात्री ठेवून दिली. इरकलीच्या पदराचा तुकडा होता, तो लहान गोल कापून फाटलेल्या जागेवर ठेवला आणि बारीक टाक्यांनी बसवला. ताईच्या शेवटच्या ओळीला माझी ओळ भिडते तिथे दोन्ही टाके समोरासमोर कलतात आणि उलट्या व्ही-सारखं काहीतरी होतं. ते चांगलं दिसतं. मी बराच वेळ बघत होते.

चारला आभाळ आलं, गडगडायला लागलं. धावत जाऊन गोधड्या आत ओढल्या आणि मग, फार विचार न करता, ताईला फोन लावला. पाडव्यानंतर आजच.

म्हटलं, "अगं, इकडे काळं करून आलंय. तुझ्या गोधड्या आत घेतल्यास का?"

जरा वेळ काही नाही. मग म्हणाली, "माझ्या परवाच झाल्या. तुझ्या?"

"काल धुतल्या. आईची निळीपण."

"निळी अजून आहे?"

"आहे की."

कोपऱ्याचं मी काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. पाऊस सुरू झाला होता, पत्र्यावर आवाज एवढा की मला वाटलं फोन कट झाला. मग ऐकू आलं, "एकटीने पिळलीस कशी?"

म्हटलं, "गॅलरीच्या गजाला अडकवून."

"मग आतून ओलीच असणार. घडी घालू नकोस इतक्यात. पंख्याखाली पसरून ठेव."

पसरून ठेवली आहे.