फुलतो तो, फुगतो तो, वितळतो तो: आमची वाटचाल

आमच्या दुकानाला पाटी फार उशिरा लागली. त्याआधी जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्यात लोक नुसतं "डिंकवाल्या नानांचं दुकान" म्हणत. नाना म्हणजे माझे सासरे. मी १९९८ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा दुकानात मीठ, गूळ, सुतळी, रॉकेलचे कंदील असं सगळंच होतं आणि डिंक कोपऱ्यातल्या तीन पत्र्याच्या डब्यांत. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातल्या पाड्यांवरून पावरा, तडवी ही आदिवासी मंडळी फडक्यात डिंक बांधून खाली उतरत, काट्यावर घालत आणि त्याच पैशांतून मीठ-मिरची-तेल घेऊन परत चढत. नाना गाठोडं सोडण्याआधी ते नाकाशी नेत. मला वाटे, सवय असेल.

त्या नाकाची किंमत मला पहिल्याच हिवाळ्यात कळली. नाना कुठेतरी लग्नाला गेले होते, दुकानात मी एकटी. धरणगावकडच्या एक आजी आल्या. लेक बाळंत झालेली, तिच्यासाठी लाडवांचा डिंक हवा होता. मी दुसऱ्या डब्यातला अर्धा किलो दिला. पांढुरका, स्वच्छ, दिसायला तर तोच सगळ्यांत सुरेख. चौथ्या दिवशी आजी दारात उभ्या. "बाई, तुना डिंक फुलनाच नही!" तूप, खारीक, खोबरं, गोडंबी, सगळा घाणा वाया गेलेला. नानांनी डिंकाचेच नाही, तुपाचेही पैसे दिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण घरात पुढचा महिनाभर माझं नाव "फुलना नही" असं पडलं होतं.

त्या रात्री नानांनी चुलीपाशी बसवून तिन्ही डबे उघडले. आमचा आजचा सगळा धंदा त्या एका रात्रीवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला डबा धावड्याचा. मधासारखा रंग, गोल-लांबट खडे. तापल्या तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो आणि दाताखाली कुरकुरीत चुरतो. लाडवाला हा. बाभळीचा आणि खैराचाही चालतो. परदेशात धावड्याच्या डिंकाला "घट्टी" म्हणतात, कारण तो घाट उतरून बंदरावर जायचा.

दुसरा डबा कांडोळीचा, म्हणजे कढई किंवा कुलूचा डिंक. उन्हाळ्यात पानं झडल्यावर जंगलात जे पांढरंफटक झाड चांदण्यात भुतासारखं दिसतं, ते हे. काही जण त्याला भुत्याच म्हणतात. हा डिंक तुपात फुलत नाही, पाण्यात फुगतो. चिमूटभर टाका, सकाळी वाटीभर जेली. पोट साफ व्हायला आणि उन्हाळ्यात सरबतात तो घेतात. बाजारात गोंद कतिरा म्हणून बऱ्याचदा हाच मिळतो. कवळी हिरडीवर घट्ट बसवायच्या पावडरीतही तो असतो. त्याची खूण नाकाला कळते: जुना झाला की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. नाना गाठोडं हुंगत ते यासाठी.

तिसरा डबा सलईचा. हा खरं तर नुसता डिंक नव्हेच. यात डिंक, राळ आणि उडून जाणारं तेल, तिन्ही एकत्र असतात. म्हणून तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तुपात फुलत नाही, निखाऱ्यावर मात्र वितळून सुगंधी धूर देतो. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला शेकताना निखाऱ्यावर ओव्याबरोबर सलईचा खडा टाकायची पद्धत होती. (आता मी सांगते की धूर खोलीला दाखवा, बाळाच्या नाकाला नको.) गुडघे धरलेली माणसं उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसत आणि घरी येऊन सलईचा लेप लावत. आयुर्वेदात झाड शल्लकी आणि त्याचा निर्यास, म्हणजे सालीतून पाझरणारा चीक, कुंदुरू. हत्ती आवडीने खातात म्हणून गजभक्ष्या असंही नाव आहे. अरबस्तानातून येणारा लोबान याच्याच चुलत घराण्यातला.

नानांच्या काळात सलईला गिऱ्हाईक उदबत्तीवाल्यांचंच. लाकूडही हलकं, खोकी आणि काड्यापेट्यांचं. रावेरच्या पलीकडे नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राच्या कागदासाठीही ते जायचं. सांध्यांच्या गोळ्यांमुळे या झाडाला भाव आला तो नंतर.

२००९ साली नाना गेले. किराणा मालात मोठ्या दुकानांपुढे आमचा टिकाव लागत नव्हता, तो मी बंद केला आणि डिंक तेवढा ठेवला. नातेवाईक म्हणाले, वेड लागलंय. पहिली दोन वर्षं त्यांचंच बरोबर होतं.

मग पुण्याच्या एका खरेदीदाराने सलईची मोठी मागणी दिली. झाडावरून खरवडलेली ताजी सलई चिकट, पातळसर असते. ती बांबूच्या टोपल्यांत महिनाभर टांगून ठेवतात; पातळ रस खालच्या परातीत निथळतो आणि वर राहतो तो घट्ट माल. मग फोडणं, साल-काडी निवडणं, चाळणं. मला घाई होती. बारा दिवसांत टोपल्या उतरवल्या, डबे भरले आणि भर एप्रिलात ट्रकमध्ये चढवले. आमच्याकडचा एप्रिल कसा असतो ते खान्देशी माणसाला सांगायला नको. पुण्यात डबे उघडले तेव्हा प्रत्येक डब्यात एकच ढेप, डब्याच्याच आकाराची. माल परत आला, भाडंही आमच्याच अंगावर. ती ढेप छिन्नी-हातोडीने फोडताना मला नानांचा महिनाभर टांगायचा नियम आठवत होता. त्या वर्षी बांगड्या गहाण पडल्या.

दुसरा धडा लेबलचा. आम्ही पाकिटांवर हौसेने छापलं होतं: "संधिवात, दमा, मूळव्याध यावर रामबाण". तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमचा परवाना अन्नपदार्थाचा की औषधाचा? अन्नाचा. मग रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. छापलेली सगळी पाकिटं रद्दीत गेली. तेव्हा राग आला होता, पण त्या रागातच मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले. सलईच्या राळेत बोस्वेलिक आम्लं असतात. शरीरात सूज वाढवणारी जी द्रव्यं तयार होतात, त्यांतली काही तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ती अडवतात. नागपुरातल्या डॉक्टरांचा २००३ साली छापून आलेला अभ्यास आहे: गुडघ्याच्या झिजेचे ३० रुग्ण, आठ आठवडे सलईचा अर्क, आठ आठवडे औषध नसलेली गोळी. अर्क घेताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काही फरक दिसला नाही. हे शेवटचं वाक्य मी गिऱ्हाइकाला हमखास सांगते. शिवाय तो मोजून-मापून काढलेला अर्क होता. आमच्या डब्यातला खडा कुटून खाल्ला तर तेच होईल असं नाही. गरोदर बाईला आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी पोटात घ्यायला देत नाही. त्यामुळे विक्री थोडी बुडते.

कोणी गुग्गुळ मागतं. सलईलाही काही ठिकाणी सलई-गुग्गुळ म्हणतात, त्यातून घोळ होतो. खरा गुग्गुळ राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळावरच्या काटेरी झुडपाचा, आणि ते झुडूप ओरबाडून ओरबाडून नामशेष व्हायच्या काठावर आलंय. तो आम्ही ठेवत नाही.

सलईची तीच गत नको म्हणून पाड्यांवरच्या लोकांशी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. बारीक झाडाला हात लावायचा नाही. खाच उथळ, साल तेवढी. लाकडात कुऱ्हाड गेली की झाड सडतं. आणि एका झाडाला सलग सगळी वर्षं जुंपायचं नाही. सांगणारी मी असले तरी शिकवणारे तेच होते. कुऱ्हाडीने सपासप घाव घालायची घाई वाढली ती किलोवर भाव बांधणाऱ्या आमच्यासारख्यांमुळेच. आता स्वच्छ, सालीविना आलेल्या मालाला आम्ही वेगळा, चढा भाव देतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या मालावर, गावाचा हक्क मान्य केला, त्यानंतर व्यवहार रोख आणि उघड झाला. वाहतुकीच्या कागदांसाठी एका नाक्यावर रात्रभर बसलेली मी आहे, त्यामुळे सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही.

आज पाच बाया माल निवडतात, त्यातल्या तिघी पाड्यावरच्या. नवी बाई आली की तिला आधी तीन वाट्या देते: एकीत गरम तूप, एकीत पाणी, एकीत निखारा. मागच्या पडवीत सध्या सतरा टोपल्या टांगलेल्या आहेत, खाली परातीत थेंब थेंब पडतोय. सकाळीच एकाचा फोन होता, माल आठवड्यात पाहिजे, दोन रुपये जास्त देतो. त्याला सांगितलं, अजून एकोणीस दिवस आहेत.