डिकँटिंग नोंद: मे महिन्यात वेळापत्रक कोलमडलं

डिकँटिंग म्हणजे पिण्याआधी वाईन बाटलीतून काचेच्या भांड्यात, म्हणजे डिकँटरमध्ये, ओतून तिला हवा देणं. ‘तरुण शिराझला तासभर, कॅबर्नेला दोन तास’ हे मागच्या नोंदीतलं लाल वाईनचं वेळापत्रक थंडीपुरतंच खरं निघालं. लातुरात बाहेर ४१ आणि घरात ३४ अंश असताना, १६ अंशांवर ओतलेली ग्रोवर कंपनीची ला रिझर्व्ह ही लाल वाईन रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये तासाभरात पंचविशीला टेकते. टॅनिन, म्हणजे वाईनला तुरटपणा देणारा घटक, मऊ होतं, पण नाकात आधी अल्कोहोलचा भपका शिरतो आणि फळाचा वास दबतो.

ओला पंचा गुंडाळून पंख्याखाली ठेवणं फार तर माठाइतकं गार करतं, आणि तेही कोरड्या हवेत. कूलर लावला की पंचा वाळतच नाही. वर ताटीतल्या वाळ्याचा वास ग्लासात. घमेल्यात बर्फ-पाणी घ्यावं तर तळाची वाईन १० अंशांवर, वरची २० वर. गार पडलेलं टॅनिन जिभेला आणखी तुरट लागतं.

खरी गोम भांड्यातच आहे. किलोभर वजनाचा क्रिस्टल डिकँटर घरात ३४ अंशांवर तापलेला असतो. त्यात १२ अंशांची बाटली ओतली की काच गार होताना वाईन चार-पाच अंशांनी चढते, हवा लागण्याआधीच. म्हणून डिकँटर फ्रीजमध्ये गार करायचा, किंवा सरळ प्रयोगशाळेतला एक लिटरचा, पातळ बोरोसिलिकेट काचेचा हलका शंकुपात्र-फ्लास्क वापरायचा. फ्लास्क कोराच घ्या, वापरलेला नको. हंसाच्या मानेचे डिकँटर शोभेचे. आत बोअरच्या पाण्याचे क्षार बसले की ब्रशही पोचत नाही. पांढरा थर सायट्रिक ॲसिडने जातो, साबण मात्र नकोच.

मग तासभर उघडं ठेवायचंच कशाला? दुहेरी डिकँटिंग करायचं. बाटली १२ अंशांवर येईपर्यंत फ्रीजमध्ये. नरसाळ्यातून उंचावरून, धार काचेवर आपटेल अशी फ्लास्कमध्ये ओता. थंड वाईनमध्ये ऑक्सिजन जास्त विरघळतो, त्यामुळे हे ओतणं फुकट जात नाही. बाटली आरओच्या पाण्याने विसळून पूर्ण निथळू द्या, वाईन परत भरा, बूच लावून तासभर फ्रीजमध्ये. वाढण्याआधी अर्धा तास बाहेर. १५ अंशांना ओतली की ग्लासात १७ वर येते.

काही बाटल्यांना येणारा सडक्या अंड्याचा वास बहुतेकदा या पहिल्या ओतण्यातच उडतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मात्र बुचाचा, तो कितीही हवा दिली तरी जात नाही.

दहा-पंधरा वर्षं जुन्या बाटलीला ही आदळआपट चालणार नाही. ती दोन दिवस उभी ठेवून, मानेमागे टॉर्च धरून एकाच संथ धारेत ओतायची. गाळ खांद्यापाशी दिसला की थांबायचं आणि लगेच वाढायची. तळाचं पन्नासेक मिली सोडून द्या.

पुढे फ्रातेल्ली कंपनीच्या सेत्ते या लाल वाईनवर दुहेरी डिकँटिंगच करायचं होतं. पण आता आधी तीच बाटली दोन सारख्या फ्लास्कमध्ये अर्धी-अर्धी ओतून पाहायची: एक फ्रीजमधून काढलेला, दुसरा ओट्यावरचा. भांड्याच्या उष्णतेचा वाटा नक्की किती, ते त्यातच दिसेल.