गमबूट, वासरू आणि सुरी

शनिवार, रात्र

केक पोचला, कापला आणि संपलाही. या केकचा विचार करताना जे सुचत गेलं, ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

भाची पशुवैद्यक झाली, शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयातून. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ताईची इच्छा होती, त्याच्या कौतुकाचा केक म्हणून खिलार गाय करावी. उभी, मागं वळलेल्या लांब शिंगांची. करता आली असती, पण मी नको म्हटलं. केक कितीही देखणा केला तरी शेवटी त्याला सुरी लागणार. आमच्याकडं बेंदराला बैलांच्या पायांवर पाणी घालून पूजा करतात. त्या घरात सगळ्यांदेखत गाईच्या मानेवर सुरी चालवायची, आणि तीही तिला वाचवायला शिकलेल्या पोरीनं? ताईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "खरंय गं तुझं."

मग सगळ्यांना चटकन सुचतं ते, काळी टोपी आणि गुंडाळी केलेलं पदवीपत्र. मला ते पुरेसं वाटत नाही. टोपीवरून पोरगी पास झाली एवढंच कळतं. व्यवसायाचा केक करायचा तर त्या माणसाच्या हातापायांना रोज काय लागतं, ते विचारायला हवं. म्हणून तिलाच फोन लावला.

"मावशी, गमबूट! ते आधी, बाकी सगळं नंतर."

मग बोलतच सुटली. रात्री-अपरात्री गाय अडल्याचा फोन आला की पहिल्यांदा बूट शोधायचे. खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा खिशात असतोच. व्यालेली गाय कॅल्शियम उतरून बसली की सलाईन लावायचं, आणि ती धडपडत उठून उभी राहिली की मालकाचा चेहरा बघायचा. स्टेथोस्कोप डाव्या कुशीला लावायचा, कारण कोठीपोट, म्हणजे गाईच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, त्या बाजूला असतो. हे ऐकताना केक मला समोर दिसायला लागला. दारात काढून ठेवलेले गमबूट, एक उभा, एक कलंडलेला, चिखलानं माखलेले.

कलंडलेला सोपा, खरी परीक्षा उभ्याची. पाऊल आणि पोटरी दोन्ही केकचेच हवे होते, म्हणून मधून काठी घातली, ती खाली जाड बोर्डात घट्ट बसवली आणि पोटरीच्या थरांमध्ये पातळ बोर्ड दिले. तसं केलं नाही तर वरच्या वजनानं खालचा स्पंज दबतो आणि घोट्यापाशी बूट वाकतो. घरात अंडं चालत नाही, म्हणून दही घालून केलेला घट्ट चॉकलेट स्पंज घेतला. रात्रभर फ्रिजमध्ये गार करून मगच कोरला. ताजा स्पंज कोरायला घेतला की नुसता भुगा पडतो. वरून गनाश, दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. मे महिन्याच्या उकाड्यात यापेक्षा सैल ठेवून भागत नाही.

काळ्या रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. पांढऱ्या फाँडंटमध्ये, म्हणजे केकवर लाटून चढवायच्या साखरेच्या लगद्यात, काळा रंग ओतत बसू नये. कडवट लागतं आणि खाणाऱ्यांच्या जिभा काळ्या होतात. चॉकलेटचं फाँडंट घेतलं की थोड्याशा रंगात काम होतं. ओल्या रबराची चकाकी यावी म्हणून वरून तुपाचा अगदी पुसट हात फिरवला. टाचेजवळचा चिखल गनाश आणि बिस्किटाच्या चुऱ्याचा. बुटाच्या तोंडातून बाहेर लोंबणारा हातमोजा फाँडंट पारदर्शक होईल इतकं पातळ लाटून केला.

गाय मात्र पूर्ण सोडवेना. म्हणून कलंडलेल्या बुटाला टेकून बसलेलं तळहाताएवढं खिलार वासरू केलं, कापायचं नाही या बोलीवर. नुकत्याच जन्मलेल्या खिलार वासराच्या डोक्यावर शिंगांच्या जागेमध्ये विटकरी झाक असते, महिन्या-दोन महिन्यांत ती जाते. कोरड्या ब्रशनं तेवढाच रंग तिथं लावला. कान जरा आडवे, नाकपुड्या ओलसर.

आज डबा उघडल्यावर बाकीचे बुटांकडं बघत होते. भाची वाकली, थेट वासराच्या डोक्याकडं बोट नेलं आणि म्हणाली, "मावशी, हे आठवड्याचं आहे गं!" एवढी दाद मला याआधी कुणी दिली नव्हती.

सुरी कलंडलेल्या बुटाला आधी लावली. उभ्या बुटातली काठी मी स्वतः काढली, मुलं जवळ होती म्हणून. आजींनी टाचेकडचा, चिखलाचा तुकडा मागून घेतला. वासरू भाचीनं बाजूला ठेवलं होतं. त्यात फाँडंट कडक करणारी सीएमसी पावडर आहे, कडक वाळलंय, हवाबंद डब्यात बरंच टिकेल. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, बाहेर काढलं की घाम फुटून रंग उतरतो, असं तिला दोनदा बजावलंय.