लाल फीत बांधलेली बोराटी

आधी एक सांगते, बोराटी, म्हणजे रानबोराचं काटेरी झुडूप, परदेशी नाही. तरवड पण नाही आणि हिवर पण नाही. वेडी बाभूळ किंवा घाणेरी काढायची म्हटलं की कोणी आडवं येत नाही, बाहेरून आलेली आहे, सगळी काढा, विषय संपला. माझ्या वाट्याला काम आलं ते इथल्याच झुडपांचं, आणि त्यातल्या एका झुडपाने मला मार्चपासून छळलंय म्हणून हे लिहायला बसले.

मी पठारावरच्या एका गवताळ अभयारण्यात काम करते, नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडची ही अभयारण्यं बरीचशी चिमुकली आहेत, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य अवघं २.१७ चौरस किलोमीटर, सुप्याचं मयूरेश्वर ५.१४, त्यामुळे चार हेक्टरात काटेरी झुडपांची जाळी माजली तरी ते नुकसान छोटं नसतं. आणि माजते का, तर आम्ही चांगलं राखलं म्हणून. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली, आग पसरू नये म्हणून जाळरेषा दरवर्षी काढल्या, आग दिसली की पळत जाऊन विझवली. पण माळ मोकळा राहतो तोच मुळी चरणारी तोंडं, मधूनमधून लागणारी आग आणि कमी पाऊस यांच्यामुळे. ते थांबलं की बोराटीला रान मोकळं, खोकड बोरं खातं आणि त्याच्या विष्ठेतून बिया पार लांब जाऊन पडतात. कुंपणाबाहेर उलटं, तिथे जनावरं गवत बुडापर्यंत खातात आणि तरवडाला तोंड लावत नाहीत, मग तिथे तरवड माजतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याचा फायदाही आपल्या माळावरच्या गवतांपेक्षा झुडपांना जास्त होतो. म्हणजे गवताच्या बाजूने कोणीच नाही. सरकारी कागदावर असल्या माळांना वर्षानुवर्षं पडीक जमीन म्हणत आलेत, मग तिथे खड्डे घेऊन रोपं लावली की सगळ्यांना बरं वाटतं.

या तुकड्यात दोन वर्षांपूर्वी एकदा तोड झाली होती. निधी फेब्रुवारीत आला, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, मजुरी हेक्टरी ठरलेली, मग काय, कोयत्याने जमिनीलगत छाटत सुटले. फोटोत माळ एकदम स्वच्छ. बोराटी छाटली की मरत नाही, चिडते. बुंध्यावरून फुटते आणि मुळांवरून लांब लांब नवे धुमारे काढते. एका जुन्या बुंध्यावर मी ११ फुटवे मोजलेत. पूर्वी वाकून तरी जाता यायचं, आता खोकडसुद्धा वळसा घालून जातं. कापलेल्याचे पैसे मिळतात, पुढच्या दोन पावसाळ्यांत परत येऊन फुटवे काढायचे पैसे कुठल्याच रकान्यात नसतात. याचा मला खरंच राग आहे.

म्हणून यंदा पद्धत बदलून घेतली. आधी दहा बाय दहा मीटरचे प्लॉट आखून झुडपं मोजली, ठेवायच्या झुडपांना लाल फीत बांधली. बाकीच्यांना कोयता फक्त वरच्या काट्या बाजूला करायला, मग टिकावाने भोवतीची माती मोकळी करायची, मुळाचा गड्डा दिसला की त्याच्या खाली पहार घालायची आणि अख्खा गड्डा वर काढायचा. गड्ड्याखाली मूळ तुटलं तर एक वेळ चालतं, पण गड्डा अर्धा आत राहिला तर केलेलं सगळं पाण्यात. आमच्या टोळीतल्या मावशी पहार घालण्याआधी पायाने जमीन दाबून मूळ कुठल्या बाजूला गेलंय ते सांगतात आणि चुकत नाहीत. एवढ्या वर्षांत असं काम करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि मस्टरवर त्यांच्या नावापुढे अकुशल लिहिलेलं असतं. काढलेलं लाकूड विकायचं नाही, अभयारण्यातलं काही काढायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २९ प्रमाणे परवानगी लागते आणि विक्रीला तर अजिबात मुभा नाही. आम्ही काट्या उघड्या जमिनीवरच पसरतो, खाली मारवेल आणि पवन्या या गवतांचं बी टाकून. काट्यांमुळे त्यावर कोणी चरत नाही आणि वाहून जाणारी मातीही अडते.

हे काम थंडीत व्हायला हवं होतं. परवानगीची फाईल फिरत फिरत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं, पक्ष्यांची घरटी सुरू झालेली असतात हे मला माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर पैसे परत गेले असते, म्हणून हो म्हटलं.

तर त्या दिवशी दहाच्या सुमारास गावातली तीन-चार पोरं मोबाईल पुढे धरूनच आली. अभयारण्यात झाडं तोडतात, तीही देशी, असा व्हिडिओ करत होती. मी चिडले नाही, कारण त्यांना झाडांची काळजी होती, आणि शाळेपासून आपण पोरांना झाड म्हणजे चांगलं एवढंच शिकवलंय. त्यांना जाळीत आत नेलं. आत गवताची काडी नाही, नुसती उघडी माती आणि खोकडाच्या विष्ठेत बोराच्या बिया. मग बाहेर गवतात नेऊन, ज्या पक्ष्यासाठी आम्ही माळ मोकळा करतो तो चंडोल जमिनीवर घरटं कुठे करतो ते दाखवलं. एक पोरगा शांतपणे म्हणाला, "बरं ताई, जास्त झाली म्हणून काढता, मग किती ठेवायची?"

"हेक्टरी वीस," मी म्हणाले. आराखड्यात तेवढीच लिहिली आहेत, सारख्या अंतरावर. "वीसच का?" म्हणाला. मी सावली, बोरं, फुलपाखरं असं काहीतरी सांगितलं, पण वीसच का याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात मावशींची हाक आली, "ताई, हितं या की, काय तरी लटाकलंय."

तोडायची बोराटी होती, फीत नसलेली. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर एका काट्यात चंडोलाचं पिल्लू खोचलेलं होतं, मानेतून काटा आरपार. पंखांवर पिसं नुकती नळीतून बाहेर येत होती, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. शेजारच्या काट्यावर टोळाचे पाय. आणि वर, हातभर अंतरावर, काटक्यांचं वाडग्यासारखं घरटं आणि त्यात खाटीक पक्ष्याची चार पिल्लं, चोची उघडून. खाटीक शिकार काट्याला टांगून ठेवतो हे शंभरदा वाचलेलं, टांगलेला सरडा पाहिलेलाही. पण आम्ही ज्या पक्ष्यासाठी हे सगळं करत होतो त्याचंच पिल्लू तिथे, आणि वर त्याच्यावर वाढणारी चार.

सगळे माझ्याकडे बघत होते. मावशींची पहार हातातच. पोरगा म्हणाला, "ही तोडणार का ठेवणार?"

मी खिशातली फीत काढून बांधली. भोवतीचं पन्नासेक पावलांतलं काम थांबवलं, सुपरवायझर उद्दिष्टाचं बोलला, मी त्याला ऐकवलं. पोरांनी व्हिडिओ टाकला नाही, एवढं मला कळलं. तीन आठवड्यांनी गेले तर घरटं रिकामं. पिल्लं उडाली की घोरपडीने नेली, सांगता येत नाही.

त्या दिवशी जिवंत घरटं मी तोडलं असतं का, नाहीच. ते मनाला लागून राहिलेलं नाही. लागलंय ते पावसाळ्यात दिसलं ते. जुलैत गेले तेव्हा गड्डे काढलेल्या भागात मारवेल घोट्याच्या वर आलेला, खूप बरं वाटलं, चंडोल उंच जाऊन गात खाली येत होते. आणि मधोमध ती एकटी बोराटी, फीत उन्हाने फिकी पडलेली, शेंड्यावर खाटीक बसलेला. पूर्वी त्याला जाळीतून दहा पावलांवरचं दिसायचं. आता मी भोवतीचं सगळं साफ करून दिलेलं, अख्खा माळ त्याच्या नजरेत. ती एकच नाही, हेक्टरी वीस म्हणजे शंभर बाय शंभर मीटरात वीस माच्या. सारख्या अंतरावर ठेवल्या तर चंडोलाने घरटं कुठेही केलं तरी वीस-पंचवीस पावलांवर बसायला शेंडा आहेच.

झुडपं ठेवायला हवीतच, पण एका कडेला, ओढ्याच्या बाजूला घोळक्याने, आणि मध्ये मोठा पट्टा पूर्ण मोकळा, असं आता मला वाटतं. तसं दोन पानी लिहून दिलंय. त्यावर विचारणा आली की देशी झाडांचा पट्टा पूर्ण साफ करण्याचं कारण काय आणि हेक्टरी संख्या किती धरायची. कारण लिहिलं. संख्येच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरत नाहीये, कारण आता प्रश्न किती हा नाहीच, कुठे हा आहे, आणि फॉर्मवर त्याला रकाना नाही.

फुटवे काढायला परवा टोळी नेली होती. मावशी त्या बोराटीपाशी थांबल्या, पायाने जमीन दाबली, मूळ ओढ्याकडे गेलंय म्हणाल्या, आणि पहार टेकवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी त्यांना पुढच्या फुटव्याकडे चला म्हटलं.