घरातली घरघर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना एकाएकी बाथरूमची आठवण व्हायला लागली. चहा पुढ्यात यायच्या आत कुणी ना कुणी उठायचंच. जरा भिडस्त असतील ते अवघडून विचारायचे, "आत कुणी आहे का?" त्यांचंही बरोबर होतं. दर दीड मिनिटाने आत कुणीतरी फ्लश करत होतं. पण आत कुणी नव्हतं. हॉलमध्ये, त्यांच्या पाठीमागेच, माझी माशांची टाकी होती.

टाकी म्हणजे गोल्डफिशची बरणी नव्हे. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. काठोकाठ भरली तर ६८० लिटर. पंधरा वर्षं अडीच फुटी टाकीवर हौस भागवल्यावर मुलगा हॉस्टेलला गेला, त्याचं अभ्यासाचं टेबल हॉलमधून हललं आणि एक भिंत मोकळी झाली. नवऱ्याच्या मनात तिथे सोफा होता. माझ्या मनात काय होतं ते त्याला टेम्पो दारात उभा राहिल्यावर कळलं. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे निदान वजनावरून भांडायची सोय त्याला नव्हती.

एवढ्या मोठ्या टाकीत फिल्टर, हीटर असली अडगळ काचेतून दिसली तर शोभा जाते. म्हणून मागच्या कोपऱ्यात काचेचाच एक उभा कप्पा करतात आणि त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते ठेवतात. पाणी दात्यांमधून कप्प्यात पडतं, कप्प्याच्या तळाशी बसवलेल्या पाइपातून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. खालच्या टाकीला सम्प म्हणतात. वरची पातळी हलत नाही, पाण्यावर तेलकट साय धरत नाही, फार देखणी व्यवस्था आहे. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, झुळझुळ आवाज येईल. एकदम नॅचरल."

झुळझुळ! पाण्याच्या आवाजाच्या बाबतीत मराठीला शब्दांची ददात नाही. झरा झुळझुळतो, ओढा खळखळतो, हुक्का गुडगुडतो, तहानलेला माणूस घटाघटा पितो. यातलं झुळझुळ तेवढं सोडून बाकी सगळं टाकीने पहिल्याच रात्री म्हणून दाखवलं. आणि मध्यरात्रीनंतर, घर निजल्यावर, तिला घरघर लागली. घरघर लागणं म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. सासूबाई दचकून जाग्या झाल्या आणि त्यांनी आधी शेजारी झोपलेल्या सासऱ्यांच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात आम्हाला नेलं होतं. १९५१ सालचं ते मत्स्यालय, केवढाल्या टाक्या, पण तिथे पाइपांचा आवाज ऐकल्याचं काही आठवत नाही. अर्थात तिथे आमच्यासारखी शंभरेक पोरं एकाच वेळी "तो बघ, तो बघ" करत होती.

पहिला इलाज प्लंबरचा. त्याने आल्याआल्या "साहेब नाहीत का घरी?" विचारलं, टाकीकडे पाहिलं, कपाट उघडून आत कान लावला आणि सांगितलं की कपाटाला आतून थर्माकोल मारा. मारला. आवाज तोच, फक्त आता पांघरुणातून येणारा. घोरणाऱ्याने तोंडावरून चादर ओढून घ्यावी तसा.

दुसरा इलाज सोपा होता, पंप कमी करायचा. पाणी कमी तर आवाज कमी. पण माझ्याकडचे मासे डेनिसन बार्ब, बाजारात ज्यांना मिस केरळ म्हणतात ते. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांमधले. अंगावर तोंडापासून निघून डोळ्यावरून मागे गेलेली लालभडक रेघ आणि स्वभाव धावपळीचा. त्यांना वाहतं, खेळतं पाणी लागतं. नवऱ्याच्या झोपेसाठी त्यांना डबक्यात ठेवायचं मला पटेना. हे त्याला बोलून दाखवलं नाही.

मग एका रात्री सगळे झोपल्यावर स्टूल घेतलं, टाकीच्या वरचं झाकण काढलं आणि कप्प्यात टॉर्च मारून बसले. पाइपाचं तोंड दिसत होतं. पाणी त्याच्या काठापर्यंत चढलं, काठावरून आत ओघळायला लागलं, थोडं आणखी चढलं आणि तोंड पूर्ण बुडालं. क्षणभर गप्प. मग पाण्यावर एक खळी पडली, खळीचा भोवरा झाला, भोवऱ्याला खाली शेपटी फुटली आणि ती शेपटी पाइपात शिरली. त्याबरोबर तो जगप्रसिद्ध आवाज! बघता बघता पाणी पाइपाच्या काठापर्यंत खाली गेलं, पाइपाने मोठ्ठा श्वास घेतला आणि पुन्हा पाणी चढायला लागलं. मोबाइलवर मोजलं, ८५ सेकंद.

हे मी पूर्वी पाहिलं होतं, फक्त आतून नाही. जुन्या चाळीत संडासाच्या वर साखळी ओढायची लोखंडी टाकी असायची. साखळी ओढली की आतली घंटा पाणी उचलून पाइपात ढकलायची. एकदा पाइप भरला की साखळी सोडून दिली तरी पाणी पाण्याला ओढत न्यायचं, टाकी तळाशी जाऊन आत हवा शिरेपर्यंत. माझा पाइपही तेच करत होता. भरला की सगळं ओढून घ्यायचा, हवा लागली की सोडून द्यायचा. पाणी एकटं असतं तेव्हा बोलत नाही. हवाही एकटी गप्प असते. एकाच पाइपातून दोघांना एकदम जायचं असतं तेव्हा ही भांडाभांडी होते.

सकाळी हे मी मोठ्या उत्साहाने चहाच्या टेबलावर मांडलं. सासूबाई वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाल्या, "अगं, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एक तेलाला, एक वाऱ्याला. एकच पाडलं की डबा डचमळतो नि भांड्यात कमी, ओट्यावर जास्त. तुझ्या पाइपाला दुसरं भोक कुठंय?"

मी हसले. आणि मग दोन रात्री जगभरच्या हौशी लोकांनी काय काय करून ठेवलंय ते वाचल्यावर हसायचं थांबवलं. पाइप गप्प करायची सगळ्यात प्रसिद्ध युक्ती म्हणजे पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचीच. डर्सो नावाच्या एका अमेरिकन मत्स्यप्रेमीचं नाव तिला लागलंय. उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी नावाचा तीन तोंडांचा जोड बसवायचा, त्याच्या आडव्या तोंडाला खाली वळणारा एल्बो, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून आत शिरतं आणि भोवरा हवा ओढू शकत नाही. टीच्या वरच्या तोंडावर एंड कॅप. आणि त्या कॅपला एक बारीक भोक. वाऱ्याला!

हार्डवेअरच्या दुकानातून सव्वा इंची टी, एल्बो, कॅप असं दीडशे-दोनशे रुपयांत सामान आलं. भोक मात्र जपून पाडावं लागतं. लहान झालं तर पाइप पुन्हा फ्लश करायला लागतो, मोठं झालं तर कप्प्यातलं पाणी खाली बसतं आणि घरघर परत येते. मी ३ मिलिमीटरपासून सुरुवात केली आणि ५ वर थांबले. त्याच झटक्यात पाइपाची उंचीही वाढवली. आधी दात्यांमधलं पाणी कप्प्यात फूटभर खाली आदळायचं, आता दोन इंचांवर टेकायला लागलं. पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात इंचभर बुडवलं. त्याहून जास्त नाही, नाहीतर पंप सुरू होताना पाइपात अडकलेल्या हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही. फ्लश थांबला. पाहुणे चहा संपवून जायला लागले.

उरली फुसफुस. ते भोकच आता श्वास घेत होतं, लांबच्या खोलीत कुकरची शिटी धरत असावी तसं. नवरा म्हणाला, छान झालंय, झोप लागते. पण मला आता कान फुटले होते. रात्री पाणी प्यायला उठले की मी टाकीपाशी उभी राहून तिचे श्वास मोजायची.

तेव्हा उलटा उपाय केला. हवेला वाट द्यायच्या ऐवजी तिला आत येऊच द्यायचं नाही. हौशी मंडळी त्याला हर्बी म्हणतात. टाकीच्या तळाला दोन भोकं होती, एक पाणी उतरायला आणि एक पंपाचं पाणी वर यायला. वर येणारी नळी टाकीच्या काठावरून फिरवली, रिकाम्या झालेल्या भोकात टँक निपल (पाइप धरून ठेवणारा जोड) लावून दुसरा उतरता पाइप उभा केला, पहिल्यापेक्षा सहा इंच उंच. पहिल्या पाइपाला खाली कपाटात व्हॉल्व्ह. तो चिमटत न्यायचा, कप्प्यातलं पाणी पाइपाच्या तोंडावर चार-सहा इंच उभं राहीपर्यंत. एवढ्या खोलीवर भोवऱ्याची शेपटी पोचत नाही. पाइप सबंध पाण्याने भरलेला, हवेचा बुडबुडा नाही, आवाज नाही.

व्हॉल्व्ह गेटचा लागतो, फेऱ्याफेऱ्याने हळूहळू उघडणारा. बॉल व्हॉल्व्हचा दांडा केसभर हलवला की पाणी बोटभर हलतं. दुकानात गेटचा मागितला की पितळी पुढे करतात, आणि पितळेतलं तांबं पाण्यात उतरलं की गोगलगायींना बाधतं. पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मिळायला तीन आठवडे गेले. बसवला त्या रविवारी दुपारभर कपाटात डोकं घालून पाव-पाव फेरा फिरवत होते. फिरवा, पाच मिनिटं थांबा, स्टुलावर चढा, पातळी बघा, उतरा. शेवटी दुसऱ्या पाइपातून सुतळीएवढी धार पाइपाच्या आतल्या अंगाला चिकटून खाली यायला लागली तेव्हा हात काढला. तेवढी धार ठेवावी लागते, नाहीतर पातळी दिवसभर वरखाली होत राहते. कपाटाच्या दारावर मार्करने लिहून ठेवलं, "पूर्ण बंद करून साडेतीन फेरे सोडणे."

मग मेन स्विच पाडून लाइट गेल्याची रंगीत तालीम केली, जी सगळ्यात आधी करायला हवी होती. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. पंप थांबला की दात्यांच्या वरचं पाऊण इंच खाली येणारच, म्हणजे २१ लिटर, शिवाय कप्प्यातलं. सम्पमध्ये तेवढी जागा होती. पण वर जाणारी नळी उलटी होऊन पाणी ओढायला लागली आणि दोन मिनिटांत सतरंजी भिजली. त्या नळीलाही पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलं, म्हणजे पाणी थोडं उतरलं की ते उघडं पडून हवा आत जाते आणि ओढ तुटते. सासूबाईंनी या वेळी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि नुसतं पाहिलं.

दुसरा पाइप मात्र मी मुद्दाम तसाच ठेवला. एल्बो नाही, कॅप नाही, उघडं तोंड. पहिल्यात काही अडकलं तर सगळं पाणी त्याच्यावर येणार, आणि तेव्हा त्याने घर डोक्यावर घ्यावं अशीच माझी इच्छा आहे.

जूनमधल्या एका रात्री त्याने घेतलं. तीन वाजता. नवऱ्याने डोळे न उघडता मला हलवलं. "अगं, ऊठ. तुझा पाइप बोलतोय."

कपाट उघडलं, पंप बंद केला, खाली बादली धरून व्हॉल्व्ह पूर्ण सोडला. दोन काळ्या पानांचे तुकडे पडले आणि त्यांच्यामागून वाटाण्याएवढी गोगलगाय. गोगलगाय नि पोटात पाय, पण एवढ्या उंचीवरून उतरून गेटच्या फटीत बसण्याइतके पाय असतील असं वाटलं नव्हतं. तिला वरच्या टाकीत, अगदी दुसऱ्या टोकाला, दगडाआड सोडलं. व्हॉल्व्ह बंद केला, साडेतीन फेरे मोजून उघडला, पाणी गप्प होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले आणि झोपायला गेले.

सकाळी दिवा लावला तर ती सहा फूट चालून आली होती. कंगव्याच्या तिसऱ्या दात्यावर होती आणि शिंगं कप्प्याच्या बाजूला वळवलेली.