आमची वाटचाल : सहावं घर

आबांनी कोल्हापुरात दुकान टाकलं तेव्हा बारा बोअरच्या बंदुका भिंतभर आणि रिव्हॉल्वर मोजून दोन. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते २०१९चं.

त्या डिसेंबरात कायदा बदलला. माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं. तिसरं वर्षभरात ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा. लोक जुना माल घेऊन दारात. कानपूरच्या सरकारी कारखान्यातली पॉइंट ३२ रिव्हॉल्वर, विलायती वेब्ली अँड स्कॉट! ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून विलायती वेब्लीला सोन्याचा भाव. मी बायकोचे दागिने गहाण टाकून माल उचलला. एवढंच सुचलं नाही, की विकायला आलेले तेच आमचे गिऱ्हाईक, आणि त्यांच्या परवान्यावरच्या दोन्ही जागा भरलेल्या. मार्चमध्ये लॉकडाउन. तिजोरी भरलेली, गल्ल्यात लाइटबिलापुरतेही नाहीत.

पलीकडच्या दुकानदाराचा माल मात्र उठत होता. कसा, ते शिरोळच्या काकांमुळे कळलं. काका आबांच्या वेळचं गिऱ्हाईक. म्हणाले, "भाच्यानं तिकडून विलायती घेतलंय. बघ जरा."

ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, आरशासारखं. पण नळीवरच्या अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत, म्हणजे बफ मारून जुनं नव्यासारखं केलेलं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या. रिकामं असल्याची खात्री केली, सिलिंडरला बोट टेकवून घोडा हळूहळू मागे घेतला. सिलिंडरमधली गोळ्यांची पाच घरं टक् टक् बसली. सहाव्याला घोडा चढला, सिलिंडर लॉकपर्यंत पोचलाच नाही. अशात घर नळीसमोर नीट येत नाही, गोळी तोंडाशी घासते आणि शिसं बाजूला उडतं. भाच्यानं मोजलेला आकडा ऐकून मी चहा खाली ठेवला.

काका काही बोलले नाहीत. महिन्याभरात स्वतःची बारा बोअर काढून टाकली, कचेरीतली नोंद उरकली आणि माझ्याकडचं कानपूरचं पॉइंट ३२ घेतलं. ब्लूइंग उडालेलं, मुठीवर ओरखडे, पण सहाही घरं चोख. रोख दिले. त्यांच्या ओळखीनं आणखी चौघे आले. दागिने सुटले, एक पाटली सोडून.

वाचताच आहात तर ऐका. चकाकीला पैसे देऊ नका. मोडून उघडणारं असेल तर बंद करून नळी हलवून बघा. खिट्टी ढिली असेल तर उठा. उजेडाकडे धरून नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा बघा, गंजाचे खड्डे पुसून जात नाहीत. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, खिशात असू द्या : सिलिंडर आणि नळीतली फट ०.१५ ते ०.२५ मिमी ठीक, जास्त असेल तर भाव पाडा. आणि घरं सहाच्या सहा तपासा. पाचावर समाधान मानणारे फार.

निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करण्याआधी काका माझ्याकडे येतात. तिथं दोन महिने दमट कपाटात पडणार, म्हणून तेलाचा हात मारून देतो. पैसे घेत नाही. भाचा अजून पलीकडेच जातो.