आईला मागे बसवून दिवेआगर ते दाभोळ

दिवेआगर सोडून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धनला निघालं की डावीकडे डोंगर, उजवीकडे थेट समुद्र आणि मधे जेमतेम रस्ता. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत एकाच स्कूटरवर दिवेआगरला आलो होतो. मोठी बाईक हवी, असं बरेच जण म्हणाले. या वाटेला 125 सीसीची स्कूटर पुरते, आणि अरुंद वळणांवर तर तीच बरी.

दक्षिणेकडे जाताना आपली बाजू डोंगराची असते, समुद्र दिसतो तो समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. संध्याकाळी पश्चिमेकडे वळणारा रस्ता आला की ऊन सरळ डोळ्यांत येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनहून आम्ही मुद्दाम उलटे शेखाडीपर्यंत गेलो. रस्ता अजून डोंगराच्या सावलीत होता आणि समुद्र आमच्या बाजूला. खाली काळ्या कातळावर लाट फुटायची, पाणी खाचांत शिरायचं आणि पांढरं होऊन परत फिरायचं. आई खांद्यावर थोपटून "थांब गं" म्हणायची आणि मी थांबायची. वळणांवर मात्र थांबू नये. तिथे बारीक खडी आणि वाऱ्याने आलेली वाळू असते, आणि पलीकडून एसटी येते. हॉर्न द्यायचा, वेग कमी करायचा, एसटीला आधी जाऊ द्यायचं.

याच शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी 1993 मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं होतं. इतक्या देखण्या जागी ते आठवलं की अंगावर काटा येतो.

श्रीवर्धनच्या वाड्यांतून जाताना आई एकदम गप्प झाली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. अजूनही उंच झाडांच्या मधे कोवळ्या पोफळींच्या रांगा दिसतात. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला वर्षं लागतात, आणि श्रीवर्धनी रोठा सुपारीवर इथली कितीतरी घरं चालतात.

हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो. इथून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला जंगलजेटीने, म्हणजे गाड्या-माणसं नेणाऱ्या बोटीने, जायचं, नाहीतर आंबेतपर्यंत आत जाऊन मोठा वळसा. तिकीट गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे धक्क्याचा उतार लांब दिसत होता आणि खालच्या टोकाला शेवाळ. आईला आधी उतरवलं, ती चालत बोटीवर गेली. मग मी पुढच्या ब्रेकला हात न लावता, मागच्या ब्रेकवर गाडी सावकाश खाली घेतली. खलाशी हात करून म्हणाला, "ताई, सरळ या, मधे थांबू नका." लोखंडी फळीवर चाक आलं तसा धाडकन आवाज झाला, आणि स्कूटर कडेला मधल्या स्टँडवर उभी राहिली. मोटारी आमच्यामागून चढल्या.

आईने खलाशाला विचारलं, "पूल झाल्यावर तुमचं काय रे?"

"होईल तेव्हा बघू काकू. खांब कधीपासूनचे उभे आहेत."

हा पूल ज्यातला, त्या रेवस ते रेड्डी या किनाऱ्यालगतच्या सागरी मार्गाची कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांची, ऐंशीच्या दशकातली. खाड्यांवरचे पूल व्हायलाच हवेत. रात्री आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं, तर बोटीची वाट बघत बसणं कुणाच्याही नशिबी नको. तरी मला मनापासून वाटतं, प्रवाशाने हा किनारा बोटी चालू आहेत तोवर एकदा तरी करावा. खाडीच्या मधोमध गेल्यावर बाणकोटचा किल्ला, नदीचं मुख आणि मागे राहिलेला डोंगर एका नजरेत येतात.

पुढे केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. पाडल्याजवळ रस्ता पुन्हा पाण्याला चिकटतो. हर्णैला मासळीचा लिलाव चालू होता. समोर सुवर्णदुर्ग दिसत होता, पण आमचं सगळं लक्ष टोपल्यांतल्या सुरमईकडे. जेवण मात्र घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून सांगून ठेवावं, आयत्या वेळी ताट मिळेलच असं नाही.

दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून चालू आहे. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून घेतलेली बरी, कारण ती चुकली तर वाशिष्ठीच्या खाडीला चिपळूणवरून वळसा पडतो. आम्ही दिवसाउजेडी पलीकडे उतरलो आणि गुहागरला मुक्काम केला.

पुढचा टप्पा तवसाळ-जयगड फेरी आणि तिथून गणपतीपुळे. तो आईनेच ठरवलाय, जानेवारीत.